काटेरी तारेच्या आतलं चलन: युद्धकैद्यांच्या छावण्यांमधल्या नोटा, कूपनं आणि त्यामागचा लष्करी इतिहास

कागदवेडा (धागाकर्ता)

आपल्या या विभागात शिवराई, होन, संस्थानांची नाणी, पंचम जॉर्जच्या नोटा यांवर भरपूर लिहून झालंय. युद्धकैद्यांच्या छावण्यांमध्ये जे चलन चालायचं त्यावर मराठीत फारसं काही वाचायला मिळत नाही. मी गेली बरीच वर्षं याच एका कोपऱ्यात संग्रह करतोय, म्हणून हा धागा काढतो. जाणकारांनी भर घालावी, नवख्यांनी बिनधास्त विचारावं.

एक नोट समोर ठेवूनच सुरुवात करतो. दुसऱ्या महायुद्धातली जर्मन नोट, किंमत १ राईशमार्क (तेव्हाचं जर्मन चलन, १०० फेनिगचा एक मार्क). नोट म्हणायचं इतकंच. ना राजाचं चित्र, ना गरुड, ना नक्षीची हौस. समोर किंमत, अनुक्रमांक आणि बारीक अक्षरांत नियम. नियमांचा मथितार्थ असा: ही चिठ्ठी फक्त युद्धकैद्यांसाठी चलन आहे. छावणीच्या आत, किंवा कैदी बाहेर कामाला नेले असतील तर तिथे नेमून दिलेल्या दुकानातच ती खर्च करता येईल. खऱ्या पैशात बदलून हवी असेल तर छावणीच्या खजिन्याशिवाय कुठेही बदलता येणार नाही. नियम मोडला किंवा नक्कल केली तर शिक्षा. खाली जर्मन सैन्याच्या सर्वोच्च कमांडच्या प्रमुखाचा हुद्दा. मागची बाजू कोरी, आणि नशीब असेल तर तिथे छावणीचा गोल शिक्का. या मालिकेत १, १० आणि ५० फेनिग, शिवाय १, २, ५ आणि १० मार्क अशा सात किमती आहेत.

असं वेगळं चलन काढायची गरज का पडली? पहिलं कारण पलायन. कैदी तारेखालून निसटला तरी पुढे रेल्वेचं तिकीट, भाकरी, एखाद्याची मदत, सगळ्याला रोकड लागते. पहारेकऱ्याला फितवायचं तरी रोकडच लागते. दोस्त राष्ट्रांच्या बाजूने ब्रिटिशांचं एमआय-९ हे खातं वैमानिकांना उड्डाणाआधी छोटी पाकिटं द्यायचं, त्यात फ्रेंच, बेल्जियन, डच अशा खऱ्या नोटा असायच्या. विमान पडलं तर शत्रूच्या मुलखातून निघायला उपयोग व्हावा हा हेतू. म्हणजे एक बाजू सैनिकाच्या खिशात खरा पैसा घालत होती आणि दुसरी पकडल्याबरोबर तो काढून घेऊन हातात या चिठ्ठ्या ठेवत होती.

दुसरं कारण कायद्याचं. कैद्याला पगार असतो हे ऐकून अनेकांना नवल वाटतं. १९०७ च्या हेग करारानुसार पकडलेल्या अधिकाऱ्याला, पकडणाऱ्या देशाच्या सैन्यात त्याच हुद्द्याला जो पगार असेल तो द्यायचा आणि नंतर त्याच्या सरकारकडून वसूल करायचा. साध्या शिपायाला कामाला लावता येतं, पण त्याची मजुरी द्यावी लागते. १९२९ च्या जिनिव्हा कराराने हे आणखी बांधून दिलं: कैद्याकडची रोकड अधिकाऱ्याच्या हुकुमाशिवाय काढायची नाही, काढली तर पावती द्यायची आणि रक्कम त्याच्या खात्यावर जमा करायची, प्रत्येक छावणीत कॅन्टीन हवं आणि त्याचा नफा कैद्यांसाठीच वापरायचा. पगार द्यायचा तर आहे, पण खरा पैसा हाती पडू द्यायचा नाही, या पेचातून हे कागद निघाले.

पहिल्या महायुद्धात जर्मनीत याचा अक्षरशः पूर आला होता. सरकारने एक नमुना ठरवण्याऐवजी प्रत्येक छावणीने आपापलं चलन काढलं. कागद, पुठ्ठा, जस्त, लोखंड, गोल, चौकोनी, मध्ये भोक पाडलेलं, हवं ते. तेव्हा जर्मनीत नाण्यांच्या धातूचाही तुटवडा होता, त्यामुळे गावंसुद्धा आपल्या नोटा काढत होती. डोबेरिट्झ, होल्झमिंडेन, त्सोसेन ही नावं संग्राहकांच्या ओळखीची. बर्लिनजवळचं रूहलेबेन तर घोड्यांच्या शर्यतीचं मैदान. तिथे ब्रिटिश नागरिकांना कोंडलं होतं आणि त्यांनी आत स्वतःची टपालव्यवस्थासुद्धा उभी केली होती.

आता माझा मुद्दा. हा संग्रह किमतीप्रमाणे लावू नये, मोहिमेप्रमाणे लावावा असं माझं ठाम मत आहे. १ मार्क, २ मार्क, ५ मार्क असा संच पूर्ण केलात तर हाती फक्त सात कागद येतात. पण मागचा शिक्का वाचला, ती छावणी नकाशावर शोधली, तिथे कोणत्या लढाईतले कोणत्या पलटणीचे लोक आणले होते हे पाहिलं, की कागद बोलायला लागतो. आणि आपल्यासाठी तर तो फार जवळचं बोलतो. त्यावर पुढच्या प्रतिसादात लिहितो.

---

जुनाबाजार_बुधवार

जबरदस्त धागा! वाचतोय. अशा चिठ्ठ्या पुण्याच्या जुन्या बाजारात चुकून कधी दिसतात, पण विकणारा त्याला 'परदेशी लॉटरीचं तिकीट' म्हणतो आणि घेणाराही तसंच समजून पुढे जातो. आता नजर ठेवीन.

---

अनघा_ठाणे

छान लिहिलंय. एक शंका: जपान्यांनी सिंगापूर-मलायात काढलेल्या केळीच्या झाडाचं चित्र असलेल्या नोटा यातच मोडतात का? आमच्या आजोबांच्या पेटीत दोन होत्या.

---

कागदवेडा

अनघाताई, नाही. ते ताब्यात घेतलेल्या मुलखासाठी काढलेलं चलन. मलायातला दुकानदार, रबर मळ्यातला मजूर, सगळ्यांनाच ते वापरावं लागे. बरेच विक्रेते त्या नोटा 'कैद्यांचा पैसा' म्हणून चढ्या भावाने विकतात, त्या भूलथापेला बळी पडू नका. आजोबांच्या मात्र नीट जपा. त्या त्यांच्याकडे कशा आल्या हे घरात कुणाला माहीत असेल तर लिहून नोटेसोबत ठेवा. आजोबा त्या भागात असतील तर १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं तिथपासूनचा धागा त्यांच्यापर्यंत येतो.

आता आपल्या मुलखाशी असलेलं नातं. २१ जून १९४२ ला लिबियातलं तोब्रुक बंदर पडलं. जर्मन सेनापती रोमेलच्या हाती साधारण ३३,००० माणसं लागली. त्यांत ११ वी भारतीय ब्रिगेड होती, आणि त्या ब्रिगेडमध्ये ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन. म्हणजे सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, बेळगाव या पट्ट्यातल्या खेड्यांतले जवान एका दिवसात कैदी झाले. आधी आफ्रिकेतल्या उघड्या पिंजऱ्यांत, मग जहाजातून इटलीत. हिंदी सैनिकांसाठी इटलीतली मोठी छावणी म्हणजे रोमच्या पूर्वेला डोंगरात असलेलं आवेझ्झानो. इटलीतल्या छावण्यांमध्ये लिरांमधल्या चिठ्ठ्या चालत, त्यावर 'युद्धकैदी छावणी' आणि तिचा क्रमांक छापलेला असे.

८ सप्टेंबर १९४३ ला इटलीची शरणागती जाहीर झाली. काही छावण्यांचे पहारेकरी निघून गेले, कैदी डोंगरात पांगले, इटालियन शेतकऱ्यांनी त्यांना घरात लपवलं, जेवू घातलं. ज्यांना जर्मनांनी पुन्हा गाठलं ते आल्प्सपलीकडे गेले. त्या दिवसापासून लिरांच्या छावणी-चिठ्ठ्या मोडून द्यायला खजिनाच राहिला नाही, आणि जर्मनीत पोचलेल्यांच्या हातात मी वर वर्णन केलेला मार्कांचा कागद आला. एकाच माणसाने तीन वर्षांत दोन देशांचं कैदेचं चलन हाताळलं. म्हणून मी इटलीच्या लिरा आणि जर्मनीचे मार्क वेगवेगळ्या पानांवर ठेवत नाही. माझ्या अल्बममध्ये ते 'तोब्रुक' या एकाच पानावर आहेत.

---

बेळगावकर_५

मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आमच्या गावात, त्यामुळे हे वाचून ऊर भरून आला. थोडी भर घालतो. तोब्रुकच्या वर्षभर आधी मराठ्यांनी एरिट्रियात केरेनची लढाई गाजवली. उभे कडे, वर इटालियन, खाली आपले. २७ मार्च १९४१ ला केरेन पडलं. त्या मोहिमेत आणि उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या इटालियनांना बोटींत भरून कुठे आणलं? हिंदुस्थानात. म्हणजे ४१ साली मराठे इटालियनांना कैद करत होते आणि ४२ साली इटालियन मराठ्यांना सांभाळत होते. दोन्हीकडे कॅन्टीन, दोन्हीकडे चिठ्ठ्या.

आणि मागे पहिल्या महायुद्धात जायचं तर इराकमधलं कुत विसरू नका. २९ एप्रिल १९१६ ला ब्रिटिश सेनापती टाउनशेंडने तुर्कांपुढे हत्यार ठेवलं, साधारण १३,००० माणसं कैद झाली. ती सहावी डिव्हिजन, तिचं नावच पूना डिव्हिजन. १०३ वी, ११० वी आणि ११७ वी या तिन्ही मराठा पलटणी त्यात होत्या.

---

कागदवेडा

बेळगावकर, मोलाची भर. कुतच्या बाबतीत मात्र संग्राहकाच्या हाती जवळजवळ काहीच लागत नाही, आणि ते न लागण्यालाही कारण आहे. तुर्कस्तानात पकडलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना योझगाट, कास्तामोनू अशा गावांत ठेवलं होतं. त्यांना तुर्की पैशातच भत्ता मिळे, आणि मदतीची रक्कम आधी अमेरिकन आणि १९१७ नंतर डच वकिलातीमार्फत पोचे. हिंदी शिपायांना वाळवंटातून पायी चालवत रास अल-ऐनकडे बगदाद रेल्वेच्या कामाला नेलं. तिथे कॅन्टीन कुठलं आणि कूपन कुठलं. उपासमार आणि रोगराईने माणसं गेली. छावणीचं चलन छापलं जातं तेव्हा निदान कागदोपत्री तरी करार पाळला जातोय असं समजायचं. जिथे काहीच छापलं गेलं नाही तिथली अवस्था बहुतेक वेळा जास्त वाईट होती. माझ्या अल्बममध्ये कुतचं एक कोरं पान आहे. त्यावर पलटणींची नावं लिहून ठेवली आहेत.

---

अर्थवाही

अर्थशास्त्राच्या बाजूने थोडं लिहितो, कारण हा विषय आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवला जातो. आर. ए. रॅडफर्ड नावाचा ब्रिटिश अधिकारी इटलीत आणि मग जर्मनीत म्युनिकजवळ मूसबुर्गच्या छावणीत कैदी होता. सुटल्यावर १९४५ मध्ये त्याने युद्धकैदी छावणीच्या अर्थव्यवस्थेवर निबंध लिहिला. त्याचं निरीक्षण असं की अधिकृत मार्कांना आत काही किंमतच नव्हती, कारण कॅन्टीनमध्ये घेण्यासारखं काही नसे. मार्क चालायचे ते जुगाराची देणी भागवायला. खरं चलन होतं सिगारेट. रेडक्रॉसच्या पार्सलातून जॅम, लोणी, चॉकलेट, डबाबंद मांस आणि सिगारेटी सगळ्यांना सारख्याच मिळत. मग ज्याला जे नको ते तो सिगारेटच्या भावात विके.

आपल्यासाठी यातली खास गोष्ट म्हणजे छावणीत हिंदी सैनिकांचा वेगळा विभाग होता. शीख सैनिक डब्यातलं बीफ खात नसत. उर्दू येणाऱ्या एकाने हे हेरलं: त्यांच्याकडून मांस घ्यायचं आणि बदल्यात लोणी-जॅम द्यायचं. सुरुवातीला त्याला चांगला नफा सुटला. मग बाकीच्यांच्याही लक्षात आलं, तेही यात उतरले, आणि हिंदी विभागातले भाव हळूहळू बाकी छावणीच्या भावांजवळ आले. बाजार कसा जुळतो याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

पुढे कैद्यांनी 'बुली मार्क' नावाचं स्वतःचं कागदी चलनही काढलं होतं. त्याला तारण काय, तर छावणीतल्या दुकानात साठवलेलं अन्न. सिगारेट ओढून संपते, भाव खालीवर होतो, म्हणून अन्नावर आधारलेला कागद काढायची कल्पना. पार्सलं निम्म्यावर आली तेव्हा लोकांचा त्या कागदावरचा भरवसा उडाला आणि ते चलन बसलं.

---

कागदवेडा

अर्थवाही, हे तपशील दिल्याबद्दल मनापासून आभार. संग्राहकाच्या दृष्टीने याला एक पुरवणी. जर्मन मार्कांच्या चिठ्ठ्या आज इतक्या कोऱ्या अवस्थेत आणि इतक्या स्वस्तात का मिळतात, याचं उत्तर बऱ्याच अंशी तुम्ही सांगितलेल्या गोष्टीत आहे. त्या फिरल्याच कमी. म्हणून चुरगळलेली, घडीवर फाटलेली, शिक्का असलेली नोट माझ्या लेखी कोऱ्या नोटेपेक्षा वरची. नोटा जमवणाऱ्यांचा नेहमीचा हिशोब इथे उलटा करावा लागतो.

---

नाशिकचा_गिरीश

आपल्याकडे हिंदुस्थानात कुठे कुठे छावण्या होत्या? देवळालीत होती असं वडिलांकडून ऐकलंय.

---

कागदवेडा

होती. आणि महाराष्ट्रात ती एकटी नव्हती. तीन वेगवेगळे काळ आहेत, एकत्र करू नका.

पहिला, बोअर युद्ध. दक्षिण आफ्रिकेत पकडलेले बोअर शेतकरी १९०१-०२ मध्ये जहाजांतून इकडे आणले गेले. अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) आणि सातारा इथेही ते होते.

दुसरा, पहिलं महायुद्ध. अहमदनगर ही हिंदुस्थानातली जर्मन आणि ऑस्ट्रियन लोकांसाठीची मुख्य छावणी. त्यात व्यापारी, मिशनरी असे नागरिक पुष्कळ. कुटुंबांसाठी बेळगावला सोय होती. १९१७ मध्ये जिनिव्हाच्या रेडक्रॉसचे प्रतिनिधी हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातल्या छावण्या पाहून गेले. बेळ्ळारी, राजपुतान्यातलं सुमेरपूर आणि ब्रह्मदेशातलं थायेटम्यो इथे तुर्की कैदी होते.

तिसरा, दुसरं महायुद्ध. नागरी जर्मन आधी अहमदनगर, मग देवळाली आणि शेवटी डेहराडूनजवळ प्रेमनगर. गिर्यारोहक हाइनरिश हारर याच वाटेने गेला. कराचीत पकडला, नगर आणि देवळालीत राहिला, आणि एप्रिल १९४४ मध्ये डेहराडूनहून निसटून पुढे तिबेटात पोचला. पुरंदर किल्ल्यावर जर्मन आणि इतर परकीयांना काही अटींवर ठेवलं होतं, कुटुंबांसह. आणि इटालियन युद्धकैदी: अधिकारी बहुतेक कांगड्यातल्या योलला, बाकीचे भोपाळ, बंगळूर, रामगड, क्लेमेंट टाउन वगैरे. या छावण्यांची कूपनं आण्यांपासून रुपयांपर्यंतच्या किमतीची आहेत. साधी छपाई, छावणीचं नाव आणि किंमत. आज हिंदुस्थानी छावण्यांच्या चलनात सगळ्यात जास्त शोधाशोध याच कूपनांची होते. भोपाळचं कूपन एखाद्या इटालियनाच्या नातवाच्या घरातून युरोपातल्या लिलावात येतं आणि तिथून पुन्हा भारतात परततं, हे मी नेहमी बघतो.

नगरच्या किल्ल्याबद्दल एक खुलासा. १९४२ ते ४५ नेहरू, पटेल, आझाद तिथे होते ते राजबंदी म्हणून. युद्धकैद्यांच्या कायद्याशी त्यांचा संबंध नाही.

---

करवीरची_मेधा

मग कोल्हापूरजवळचं वळिवडे? तिथे पोलंडचे लोक होते ना? त्यांचं चलन मिळतं का?

---

कागदवेडा

मेधाताई, वळिवड्याला १९४३ ते ४८ साधारण ५,००० पोलिश माणसं राहिली, पण ते निर्वासित होते, बहुतांश बायका-मुलं. इथे त्यांना कुणी कैदेत ठेवलं नव्हतं, ते बाजारात जात, आपले रुपये-आणे वापरत. त्यामुळे वळिवड्याचं 'कैदी चलन' म्हणून कुणी काही विकायला आलं तर सरळ नाही म्हणा. वळिवड्यावर स्वतंत्र धागा व्हायला हवा, तुम्हीच काढा.

---

मेलबर्नवासी_सचिन

इथल्या एका सुंदर मालिकेबद्दल लिहितो. न्यू साउथ वेल्समधलं 'हे' (Hay) नावाचं गाव. ब्रिटनमध्ये १९४० साली नाझींपासून पळून आलेल्या जर्मन-ऑस्ट्रियन ज्यूंनासुद्धा 'शत्रूराष्ट्राचे नागरिक' म्हणून पकडलं आणि 'डुनेरा' बोटीतून ऑस्ट्रेलियात पाठवलं. बोट सप्टेंबर १९४० मध्ये सिडनीला लागली. त्यातले बरेच जण 'हे' गावच्या छावणीत. त्यांच्यात प्राध्यापक, संगीतकार, चित्रकार सगळे. जॉर्ज टेल्चर नावाच्या ऑस्ट्रियन चित्रकाराने १९४१ मध्ये छावणी क्रमांक ७ साठी सहा पेनी, एक शिलिंग आणि दोन शिलिंग अशा तीन नोटा काढल्या. गावातल्या वर्तमानपत्राच्या छापखान्यात त्या छापल्या.

नोटेच्या चारही बाजूंनी काटेरी तारेची चौकट आहे. भिंग लावलं की कळतं, तारेचे वेढे म्हणजे अक्षरं आहेत: 'आम्ही इथे आहोत कारण आम्ही इथे आहोत कारण आम्ही इथे आहोत', अखंड. मागे मेंढ्या आहेत, त्यांच्या लोकरीच्या कुरळ्या रेषांत छावणीतल्या माणसांची नावं लपवली आहेत. काही महिन्यांतच सरकारने या नोटा बंद करून परत घेतल्या, त्यामुळे आज त्या दुर्मीळ आणि भयंकर महाग. मी एकदा लिलावाआधीच्या प्रदर्शनात काचेपलीकडून पाहिली आहे. माझी ऐपत धातूच्या टोकनांची: नंतर ऑस्ट्रेलियाने सगळ्या छावण्यांसाठी एकच मालिका काढली, १ पेनी, ३ पेनी, १, २ आणि ५ शिलिंग, मध्ये भोक, वर 'इंटर्नमेंट कॅम्प्स'. पेनी सहज मिळते, ५ शिलिंग मिळता मिळत नाही.

---

जुनाबाजार_बुधवार

अंगावर काटा आला. नोटेवर असं काही लिहायची हिंमत!

---

स्वाती_डोंबिवली

धागा आवडला, पण एक गोष्ट मनाला लागतेय. लोकांच्या हालअपेष्टांच्या वस्तू आपण अल्बममध्ये लावायच्या, त्यांचे भाव करायचे, हे बरं दिसतं का? यहुद्यांच्या घेट्टोतल्या (त्यांना कोंडून ठेवलेल्या वस्तीतल्या) नोटाही विकल्या जातात असं वाचलंय.

---

कागदवेडा

स्वातीताई, हा प्रश्न प्रत्येक प्रामाणिक संग्राहकाला पडायला हवा. मला पडलेला आहे आणि मी माझ्यापुरती रेघ आखली आहे.

तुम्ही म्हणता त्या बहुधा चेक मुलखातल्या तेरेझिन घेट्टोच्या नोटा. १ ते १०० क्रोनपर्यंत सात किमती, तारीख १ जानेवारी १९४३. चित्रात दहा आज्ञांच्या पाट्या धरलेला मोझेस, सही घेट्टोतल्या ज्यूंचा प्रमुख याकोब एडेलस्टाइनची. चित्र काढलं पेटर कीन या तरुण कैद्याने. दोघेही १९४४ मध्ये आउश्विट्झला संपले. त्या नोटांना आत काही घेण्याची ताकद नव्हती, घेट्टोत सगळं सुरळीत आहे असं बाहेरच्यांना दाखवायला त्या छापल्या होत्या. न वापरलेल्या गठ्ठ्यांनी उरल्या, म्हणून आज स्वस्त मिळतात.

युद्धकैद्याचं कूपन आणि ही नोट मी एका पानावर ठेवत नाही. एकाच्या मागे करार होता, पगार होता, युद्ध संपल्यावर घरी जायची आशा होती. दुसऱ्याच्या मागे ढळढळीत फसवणूक होती. तेरेझिनची एक नोट माझ्याकडे आहे, शाळेत मुलांपुढे बोलायला बोलावतात तेव्हा दाखवायला. तिची खरेदी-विक्री मी करत नाही. छळछावण्यांच्या नावावर विकल्या जाणाऱ्या बाकीच्या कागदांपासून तर दूरच राहावं. त्यात बनावट माल प्रचंड आहे, आणि तो बनवणारे त्या मेलेल्या माणसांच्या नावावर पैसा करतायत.

जमवायचं की नाही, यावर माझं उत्तर जमवायचं असंच आहे, पण नुसता कागद जमवायचा नाही. छावणी, पलटण, तारीख हे ज्याला लिहून ठेवायचं नसेल त्याने या वाटेला जाऊ नये.

---

फौजीचा_नातू

७१ च्या युद्धाबद्दल कुणीच लिहिलं नाही. ढाक्याच्या शरणागतीनंतर ९३,००० पाकिस्तानी आपल्या ताब्यात होते. माझे आजोबा तेव्हा उत्तरेत एका छावणीच्या बंदोबस्तावर होते. ते सांगायचे की कैद्यांच्या कॅन्टीनमध्ये रोख चालत नसे, कूपनंच चालायची, आणि महिन्याच्या सुरुवातीला चहा, बिड्या, साबण, टपालाचे कागद यांसाठी झुंबड उडे. कैद्यांचा पगार आपण का द्यायचा, असं मी लहानपणी विचारलं होतं. 'कायदा आहे, आणि आपलीही माणसं तिकडे आहेत,' एवढंच म्हणाले.

---

कागदवेडा

आजोबांचं म्हणणं अगदी नेमकं आहे. तो कायदा म्हणजे १९४९ चा तिसरा जिनिव्हा करार. त्यात पगाराची उचल स्विस फ्रँकमध्ये ठरवून दिली आहे: हवालदाराच्या खालच्यांना महिना ८ फ्रँक, हवालदार आणि बरोबरीच्यांना १२, मेजरच्या खालच्या अधिकाऱ्यांना ५०, मेजर ते कर्नल ६०, जनरलना ७५. काम केलं तर दिवसाला निदान पाव फ्रँक वेगळा. ७१ चे कैदी ऑगस्ट १९७३ च्या दिल्ली करारानंतर परत जाऊ लागले आणि एप्रिल १९७४ पर्यंत सगळे गेले. तुलनेसाठी सांगतो, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत काम करणाऱ्या जर्मन कैद्यांना दिवसाला ८० सेंट मजुरी मिळे, तीही कॅन्टीनच्या कूपनांत.

आजोबांच्या आठवणी जितक्या आठवतील तितक्या इथेच लिहा. छावणी कुठली, कूपनाचा रंग कसा, कोण वाटायचं. असं लिहिलेलं फार थोडं आहे.

---

नवखा_निखिल

सुरुवात करायची आहे. बनावट कशी ओळखायची? काही पथ्यं सांगाल का?

---

कागदवेडा

निखिल, सगळ्यात जास्त फसवणूक शिक्क्यात होते. जर्मनीची साधी नोट अस्सल आणि स्वस्त असते. तिच्यावर नंतर एखाद्या प्रसिद्ध छावणीचा शिक्का मारायचा आणि दहापट भाव सांगायचा. शिक्का घडीवरून गेला असेल तर तिथेच भिंग लाव. शिक्का जुना असेल तर घडी पडताना शाईसुद्धा कागदासोबत तुटलेली असते, घडीच्या रेषेवर शाई उडालेली दिसते. नोट आधी मोडली आणि शिक्का नंतर बसला, तर शाई त्या मोडलेल्या तंतूंमध्ये शिरून पसरलेली दिसते. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की पुन्हा विसरत नाही.

दुसरं, जांभळ्या प्रकाशाचा छोटा दिवा घे, नोटा तपासायचा असतो तोच. कागद पांढराफेक चमकवणारी रसायनं साधारण १९५० नंतर सर्रास वापरात आली. ४२ सालची म्हणून घेतलेली चिठ्ठी दिव्याखाली निळसर झगमगली तर परत कर. झगमगली नाही म्हणून लगेच अस्सल ठरवू नकोस, जुना कोरा कागद मिळवून छापणारेही आहेत.

पहिली खरेदी जर्मन १ मार्कची कर. त्यात पैसे कमी अडकतात आणि हात बसतो. हिंदुस्थानी कूपनाच्या मागे पहिल्या वर्षी लागू नकोस.

जपणुकीचं म्हणशील तर लॅमिनेशन कधीही नाही, चिकटपट्टी कधीही नाही. स्वस्त मऊ प्लास्टिकच्या पाकिटांतून काही वर्षांनी तेलकट ओल सुटते, त्यामुळे पॉलिएस्टरची पाकिटं घे. पावसाळ्यात मुंबई-कोकणात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेव आणि कसर लागलीय का ते अधूनमधून बघ. पेन्सिलीने नोटेवर काही लिहू नकोस. वेगळ्या चिठ्ठीवर छावणी, लढाई, कुणाकडून घेतली ते लिहून त्याच पाकिटात मागे सरकव.

---

बेळगावकर_५

कागदवेडा, एक विनंती. आमच्या भागातल्या कित्येक घरांत आजोबा-पणजोबांच्या पेट्यांत पदकांसोबत असे कागद पडून असतील आणि घरच्यांना ते काय आहे हे ठाऊक नसेल. तुम्ही वर्णन केलेल्या खुणा एका पानावर मराठीत लिहून द्याल का? मी माजी सैनिकांच्या मेळाव्यात वाटतो.

---

कागदवेडा

आनंदाने. जर्मन मार्क, इटलीच्या लिरा आणि हिंदुस्थानी छावण्यांची कूपनं, तिन्हींची चित्रं आणि ओळखायच्या खुणा असं एक पान या आठवड्यात तयार करून इथेच टाकतो. मेळाव्यात कुणी पेटी उघडली तर कागद विकायला सांगू नका. आधी पलटण, सैनिकाचा क्रमांक आणि पकडले गेल्याची तारीख लिहून घ्या. दोन्ही बाजूंचा फोटो काढा, मागची बाजू आठवणीने, कारण शिक्का तिथेच असतो.